ड्रम्सच्या दोन वाटा

जबलपुरात ड्रम किट रेकॉर्ड करायचं म्हणजे आधी खोलीचा बंदोबस्त. आमची खोली राइट टाउनमधल्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला. भिंतींवर रजया लटकवलेल्या, खाली गालिचे, आणि भर मे महिन्यातही टेक सुरू होण्याआधी कूलर बंद. पारा 44 वर असताना ड्रमर एक गाणं वाजवायचा आणि बाहेर जाऊन बनियन पिळायचा. मदनमहाल स्टेशनाकडून इंजिनाची शिटी आली की टेक पुन्हा. एवढं सगळं सांभाळून स्वच्छ रेकॉर्डिंग करतो, याचा मला जरा जास्तच अभिमान होता. पुढे जे बिघडलं त्याच्याशी खोलीचा किंवा रेल्वेचा काही संबंध नव्हता.

बँड कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचा. दोघं आपल्या मराठी घरांतले, बाकीचे इथलेच. नर्मदेच्या वाटेवर यात्रेकरू गातात ती लमटेरा, लग्नाघरची बधाई अशी बुंदेली गाणी त्यांनी गिटार आणि ड्रम्सवर बसवली होती, जोडीला ढोलक आणि नगडिया. ड्रमर रांझीचा, व्हेइकल फॅक्टरीत शिफ्ट करणारा. रात्रपाळी उरकून थेट माझ्याकडे यायचा, चहात बिस्किट बुडवून खायचा आणि किट लावायला घ्यायचा.

मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम करायचो. साठ दिवस फुकट वापरा म्हणतात, पण साठ दिवसांनंतरही ते चालतच राहतं, फक्त उघडताना आपल्याला थोडं लाजवतं. मी बराच काळ लाजून काढला. माझ्या इंटरफेसला आठ इनपुट. किकला एक माइक, स्नेअरला वर एक आणि खाली एक, तीन टॉमना तीन, आणि वर दोन ओव्हरहेड. हायहॅटला वेगळा माइक उरत नव्हता, तो ओव्हरहेडमध्येच घ्यायचा.

आठ ट्रॅक एकेक करून हाताळणं जिकिरीचं. म्हणून सगळे एका बसमध्ये घालायचे, त्या बसवर कॉम्प्रेसर लावायचा, म्हणजे किट एकसंध वाजतं आणि ड्रम्स कमी-जास्त करायला एकच फेडर पुरतो. हे मी केलं होतं. नवा ट्रॅक काढला, नाव दिलं ‘ड्रम बस’, आठही ट्रॅकमधून त्याला सेंड जोडले. बसवर एक इक्वलायझर, एक कॉम्प्रेसर, आणि कुठूनतरी फुकटात मिळालेलं, जुन्या टेपसारखा आवाज देणारं एक प्लगइन. हे सगळं टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलं, म्हणजे प्रत्येक गाण्याला आयतं हजर.

रीपरमध्ये प्रत्येक ट्रॅक आपणहून थेट मास्टरला, म्हणजे अंतिम आउटपुटला, जातो. राउटिंगच्या खिडकीत तशी एक खूण असते. ट्रॅकला सेंड जोडला म्हणून ती खूण निघत नाही, ती आपण काढायची. मी एकाही ट्रॅकची काढली नव्हती. माझे ड्रम्स एकदा बसमधून मास्टरला जात होते आणि एकदा सरळ.

पहिल्यांदा टेम्प्लेट लावून ऐकलं तेव्हा मी खूश झालो. किक छातीवर यायची. आता कारण सांगता येतं: तोच आवाज तेवढ्याच पातळीवर दोनदा मिळवला की सुमारे 6 डेसिबलने वाढतो. मोठं वाजलं की चांगलं वाटतं, हे नवशिक्यांना मी स्वतः बजावत असे.

पण स्नेअर कागदी वाजत होता. पोट गेलेलं, आणि झांजांवर एक विचित्र सळसळ. खालच्या माइकची पोलॅरिटी उलटी करून पाहिली, थोडा फरक पडला, दोष गेला नाही. मग स्नेअर सोलो करून ऐकला. तसाच कागदी. मी निष्कर्ष काढला की मुळात स्नेअरच तसा वाजतोय.

या निष्कर्षाचा मला अजून राग येतो. रीपरमध्ये साधा सोलो केला की तो ट्रॅक ज्या बसला जोडलेला असतो तिच्यातूनही वाजतो. म्हणजे सोलोमध्येसुद्धा दोन्ही वाटा चालूच होत्या. बस एकदा म्यूट करून ऐकली असती तर एका मिनिटात उलगडा झाला असता. तेवढं सुचलं नाही. ड्रमरला सांगणं मात्र लगेच सुचलं.

‘‘तुझा स्नेअर बसलाय,’’ मी म्हणालो.

त्याने हेडफोन काढले, काठीने दोन-तीन ठोके मारले, मान तिरकी करून ऐकलं. ‘‘कमरे में तो ठीक बज रहा है, दादा.’’

खोलीत ठीकच वाजत होता. आणि त्याच्या हेडफोनमध्ये जे जात होतं ते माझ्या टेम्प्लेटमधून जात होतं. पण मी वयाने दहा वर्षांनी मोठा, काचेच्या या बाजूला बसलेला. मी म्हणालो, खोलीत कान फसतो, माइक फसत नाही. वाक्य छान होतं.

त्याने चावी घेऊन स्नेअर पुन्हा सुरात लावला. वर-खाली करून दोन दिवस आम्ही त्यातच घालवले. शेवटी मी नवं हेड घ्यायला लावलं. चांगलं हेड मिळेना म्हणून त्याने ते बाहेरून मागवलं, स्वतःच्या पगारातून. नवं हेड बसवून पुन्हा सगळी गाणी वाजवली. स्नेअर कागदी तो कागदीच. मग मी हात कसा हलका पडतोय याच्यावर बोललो. त्यानंतर तो चहाला थांबेनासा झाला.

मिक्सिंगच्या वेळीही खुणा होत्या. गायक म्हणायचा ड्रम्स थोडे खाली घ्या. मी बसचा फेडर ओढायचो, त्याला म्हणावा तेवढा फरक जाणवायचा नाही. टाकीचा कॉक बंद करून वर पाणी का येतंय म्हणून बघत राहावं, आणि नगरपालिकेची डायरेक्ट लाइन चालूच असावी, तसला प्रकार. मी त्याला सांगितलं, तुला ड्रम्सची सवय नाही.

गाणी तयार झाली, मुलांनी ती वाटली, नेटवर चढवली. मग मानस भवनात त्यांचा कार्यक्रम ठरला. ड्रमर मंचावर वाजवणार होता, पण ढोलक-नगडियावाले येणार नव्हते. त्यामुळे ड्रम्स सोडून बाकीचं सगळं असलेला ट्रॅक हवा होता. दोन मिनिटांचं काम. मी ड्रम बस म्यूट केली आणि प्ले दाबलं.

ड्रम्स वाजत होते. किक थोडी बारीक झाली होती आणि स्नेअर भरदार, गोल, लाकडाचा वास येईल असा. पहिल्यांदाच.

राउटिंगची खिडकी उघडून एकेक ट्रॅक बघितला. आठही खुणा जागच्या जागी. रीपर प्लगइनमुळे होणारा उशीर भरून काढतं, पण प्लगइनने तो सांगितला तरच. माझं फुकटातलं टेपवालं काही सांगत नव्हतं. उशीर सुमारे एक मिलिसेकंदाचा होता, म्हणजे आवाज हवेत 34 सेंटीमीटर जातो तेवढा. एवढ्या फरकाने तोच आवाज स्वतःत मिसळला की 500 हर्ट्झला खड्डा पडतो, मग 1500 ला, मग 2500 ला, असा वरपर्यंत कंगवा. बसवरची पातळी वेगळी असल्यामुळे खड्डे तळापर्यंत गेले नव्हते, पण स्नेअरचं पोट खायला पुरेसे होते. किक 60 च्या आसपास, तिथे दोन्ही लाटा जवळजवळ जुळतात, म्हणून ती फुगलेली. ज्या किकवर मी भाळलो होतो ती आणि ज्या स्नेअरवरून ड्रमरला बोललो तो, दोन्ही एकाच चुकीतून आलेले.

सॉफ्टवेअरवर ढकलायची सोय नाही. जुन्या कन्सोलवरही प्रत्येक चॅनलशेजारी बसची आणि मास्टरची वेगवेगळी बटणं असायची, आणि दोन्ही दाबलेली राहिली तर हेच व्हायचं. फक्त तिथे दाबलेली बटणं डोळ्यांसमोर असायची.

त्या रात्री मी खुणा काढल्या, टेपवालं प्लगइन उडवलं आणि सगळी गाणी पुन्हा मिक्स केली. मुलांना पाठवताना लिहिलं: ‘थोडं सुधारलंय.’ एवढंच. गायकाने कळवलं, आता ड्रमर काय वाजवतोय! मी अंगठा पाठवला. जुन्या फाइली तोवर जिथे पोचायच्या तिथे पोचल्या होत्या, आणि त्या परत बोलावता येत नाहीत.

ड्रमरला खरं सांगायला मला वर्षाहून जास्त लागलं. कधी तो कामावर असायचा, कधी मी. खरं म्हणजे मी टाळत होतो. ग्वारीघाटावर एका संध्याकाळी तो भेटला, तेव्हा सगळं सांगितलं: खूण, दोन वाटा, एक मिलिसेकंद. त्याने शांतपणे ऐकलं. 500 हर्ट्झच्या खड्ड्यात त्याला काही रस दिसला नाही.

‘‘मतलब पुराना हेड सही था?’’

‘‘हो.’’

‘‘तो नए हेड के पैसे?’’

माझ्याकडे होते तेवढे दिले, उरलेले दुसऱ्या दिवशी रांझीला नेऊन पोचवले. त्याने मोजून घेतले. पुढची गाणी नागपूरला रेकॉर्ड करायचं त्यांचं तोवर ठरलं होतं.