रांजण कशाने भरले?



मागचे दोन रविवार दवाखान्याच्या भेटीबद्दल मी इथे काही लिहिलं नाही. चर्चच्या आवारात दोघीतिघींनी विचारलं, तेव्हा ‘पाऊस होता’ असं सांगितलं. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. पाऊस होता हे खरं, पण न जाण्याचं कारण तो नव्हता.

नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. सकाळची मराठी मिस्सा झाली की आम्ही पॅरिशमधले पाचसहा जण शहरातल्या एका दवाखान्यात जातो. पेशंटजवळ आत एकालाच सोडतात. बाकीची माणसं बाहेर व्हरांड्यात चटया टाकून बसलेली असतात, कुणी खानापूरकडची, कुणी चंदगडची, कुणी बैलहोंगलची. आपण चहाला खाली उतरलो आणि तेवढ्यात डॉक्टरांनी नाव पुकारलं तर, या धास्तीने ती जागची हलत नाहीत. म्हणून आधी चहा आणि मग, कुणाची इच्छा असेल तर, प्रार्थना. हा क्रम माझ्या आधीच्या धर्मशिक्षक बाईंनी लावून दिलेला. उपाशी माणसाला आमेन म्हणायला लावू नका, असं त्या म्हणायच्या.

चहा रस्त्यापलीकडच्या टपरीवरून येतो. पूर्वी टपरीवाले मामा किटली द्यायचे. दोन किटल्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत, तेव्हापासून ते बंद झालं. मग काही वर्षं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत दोऱ्याने गाठ मारलेला पार्सल चहा. २०१६ साली कर्नाटकात प्लास्टिकवर बंदी आली, पिशव्या हळूहळू कमी झाल्या आणि कागदी कप आले. (कागदी कपालाही आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो, हे आमच्या युवकांनी मला ऐकवलं आहे. खरं आहे, पण व्हरांड्यात स्टीलचे पेले धुणार कुठे?) हे कप हातात धरून रस्ता ओलांडायचा, दोन जिने चढायचे. मी एका हातात दोन आणि दुसऱ्या हातात दोन असे चार कप बोटांच्या चिमटीत धरून नेत असे. वीस वर्षं फळ्यावर लिहिणारा हात आहे, पकड चांगली आहे, असा मला अभिमानही होता.

त्या रविवारी वरच्या जिन्यावर एक स्ट्रेचर घाईने आलं. मी भिंतीला चिकटले आणि चटका बसून डाव्या हातातले दोन्ही कप सुटले. खाली भिंतीला टेकून एक गृहस्थ बसले होते. चहा त्यांच्या अंगावर पडला नाही, मांडीवरच्या फायलीवर पडला. केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, पैसे भरल्याच्या पावत्या. आत त्यांची बायको होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, एकेक कागद उलगडला आणि टॉवेलच्या टोकाने टिपून फरशीवर पसरला. एका कागदावरची पेनची शाई पसरली होती. मी ‘चुकलं हो, चुकलं’ म्हणत राहिले. ते म्हणाले, “असू दे ओ अक्का. आणलासा तेच खूप.”

त्यानंतर मी दोन रविवार गेले नाही.

आता दुसरी एक गोष्ट कबूल करायची आहे. याच दिवसांत दृढीकरण संस्काराच्या उमेदवारांची यादी मला फादरांकडे द्यायची होती. वर्गातल्या एका मुलाचं नाव मी त्यातून काढून टाकलं होतं. मुलगा दहावीत आहे. शाळेनंतर मामाच्या किराणा दुकानात काम करतो, वर्गाला उशिरा येतो, उत्तरं पाठ नसतात. पवित्र आत्म्याची सात दानं त्याला चार महिन्यांत आली नाहीत. त्यात प्रश्न भलतेच विचारतो. काना गावच्या लग्नाचा पाठ शिकवताना मी विचारलं होतं, येशूने पहिला चमत्कार कुठे केला, मरियामाता चाकरांना काय म्हणाली. सगळे हात वर. हा मात्र म्हणाला, “टीचर, रांजण भरलं ते पाणी आणलं कशातनं?” वर्ग हसला. मी म्हटलं, “ते महत्त्वाचं नाही.”

बुधवारी संध्याकाळी मी बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन बसले होते. कप ठेवायला काहीतरी आधार करायचा, म्हणजे पुन्हा तोंड दाखवता येईल, एवढंच डोक्यात होतं. कपाच्या तोंडाभोवती पेनने गोल काढला आणि सुरीने कापला. पाणी भरून कप ठेवला तो सरळ आरपार खाली. मग बुडाभोवती गोल काढून कापला. आता कप बोटभरच आत गेला आणि वर डुलत राहिला. तिसरं भोक कापताना झाकणच फाटलं. तेवढ्यात दारात तो. मामाने महिन्याचं सामान पाठवलं होतं.

ओल्या फरशीकडे, फाटलेल्या झाकणाकडे बघून त्याने सामानाचं खोकं रिकामं केलं आणि म्हणाला, “हा पुठ्ठा नको टीचर. याला पन्हळ नाही. वाफ लागली की वाकणार की.”

मग त्याने मला बिस्किटांच्या खोक्याची कड उजेडात धरून दाखवली. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी तिसरा, पन्हळी पत्र्यासारखा. पट्टीच्या लांबीला पन्हळ उभी असेल तर पट्टी ताठ राहते. आडवी असेल तर चटईसारखी गुंडाळते. रोज दुकानात शंभर खोकी मोडून बांधणाऱ्याला हे हाताला माहीत असतं. मला बी. ए. होऊन माहीत नव्हतं. (नंतर वाचलं ते इथेच सांगून टाकते. या कागदाचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या अस्तरासाठी निघालं आणि १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला. म्हणजे फुटणारं, सांडणारं सांभाळणं हे याचं जुनंच काम.)

पट्टीने मोजलं. कप तोंडाशी सात सेंटीमीटर, बुडाशी पाच, उंची आठ. अठरा सेंटीमीटर चौरस तळ धरून चारी बाजूंना चार सेंटीमीटरच्या भिंती त्याने दुमडल्या. दुमडायच्या जागी सुरीच्या बोथट पाठीने आधी रेघ दाबली, म्हणजे घडी सरळ बसते. वरच्या पुठ्ठ्यावर गोल काढायला माझ्याकडून फुलपात्र मागितलं, त्याचं बूड बरोबर सहा सेंटीमीटर. मी कापायला ब्लेड पुढे केलं तर म्हणाला, “गोल काढून टाकायचा नाही. फक्त चिरायचा.” मधून कडेपर्यंत आठ चिरा दिल्या. कप वरून दाबला की आठ पाकळ्या खाली वळतात आणि त्याला चहूकडून धरून राहतात. मामांनी जरा लहान कप दिले तरी पाकळ्या तेवढ्याच जवळ येतात.

मला वाटलं, झालं. त्याने मान हलवली. पाकळ्यांनी कप उचलायचा नाही, नुसता सावरायचा. वजन तळावर टेकलं पाहिजे, नाहीतर ओल लागून पाकळी मऊ झाली की कप सुटणार. म्हणून भिंती चारच सेंटीमीटरच्या, म्हणजे निम्मा कप आत जातो आणि बूड टेकतं. धरायला पाच सेंटीमीटर रुंद पट्टा, पण तो बाजूंना चिकटवला नाही. तळाच्या खालून घेऊन दोन्ही अंगांनी वर आणला आणि डोक्यावर जोडला. डिंक सुटला तरी ओझं पट्ट्यातच बसतं. तळाला ताठ पन्हळ, पट्ट्याला गुंडाळणारी. फेव्हिकॉल लावून रात्रभर दाबून ठेवायचं होतं. तो टेबलावरचं जाडं बायबल उचलायला गेला, मी नको म्हटलं. मग तांदळाचा डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला, खिशात मेणबत्तीचे तुकडे घेऊन. वेदीवरच्या मेणबत्त्यांची उरलेली टोकं सॅक्रिस्टीतल्या अंकलकडून मागून आणली होती. तळावर आणि पाकळ्यांवर मेण घासायचं, वर वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. मेण पुठ्ठ्यात मुरतं आणि थेंब सांडला तर वरच राहतो. आम्ही समोरासमोर बसून घासत होतो. मान खाली ठेवूनच त्याने विचारलं, “टीचर, माझं नाव आहे का यादीत?”

खोटं बोलता आलं असतं. अजून यादी दिली नव्हती, रात्री नाव घालता आलं असतं आणि त्याला कधी कळलंही नसतं. मी म्हटलं, “नाही. मी काढलंय.”

तो घासत राहिला. मग म्हणाला, “सात दानं पाठ होत नाहीत म्हणून?”

“होय.”

“चार येतात,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, रागाने नाही, नुसतं आठवल्यासारखं म्हणाला, “पण रांजणाचं उत्तर तुम्हीबी दिला नाहीसा.”

मी उठून बायबल आणलं. योहानकृत शुभवर्तमान, दुसरा अध्याय. सहा दगडी रांजण. आजच्या मापात एकेकात साधारण ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावावं. त्याच्या घरी नळ नाही, कोपऱ्यावरून पाणी आणतात. त्याने बोटांवर हिशेब केला. पंधरा लिटरची घागर धरली आणि रांजण रिकामे धरले तर बत्तीस ते अठ्ठेचाळीस खेपा. लग्नघरात, पाहुण्यांच्या गर्दीतून, काठोकाठ भरेपर्यंत. कशात आणलं ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग निदान माणसं किती होती?” तेही नाही.

पण तिथे दुसरं एक लिहिलेलं आहे, आणि ते मी वर्षानुवर्षं कंसातल्या मजकुरासारखं भरभर वाचून पुढे गेले होते. द्राक्षारस कुठून आला हे मेजवानीच्या कारभाऱ्याला ठाऊक नव्हतं. ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं, त्यांना ठाऊक होतं. चव कारभाऱ्याने घेतली, शाबासकी नवऱ्या मुलाला मिळाली आणि खरं काय घडलं ते खांदे दुखणाऱ्यांना कळलं. मी वर्गात नेहमी कारभाऱ्याच्या बाजूला बसून प्रश्न विचारत आले. हा मुलगा चाकरांच्या रांगेतून विचारत होता.

शुक्रवारी फादरांना यादी दिली. नाव घातलं होतं, आणि आधी काढलं होतं हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, “बिशपांनी विचारलं तर सात सांगेल?” मी म्हटलं, “पाच सांगेल.” त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली.

रविवारी तो मिस्सेनंतर आमच्याबरोबर आला. टपरीवरच्या मामांनी ट्रे हातात घेऊन उलटापालटा केला, पट्टा ओढून बघितला आणि कप काठाखाली बोटभर कमी भरले. हे मला कधी सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं ‘भरून द्या मामा’ म्हणत होते. रस्ता ओलांडताना पाऊस होताच. मी छत्री धरली आणि त्याने ट्रे. जिन्यावर त्याला एक हात मोकळा होता, तो त्याने कठड्याला धरला. मला आजवर कठडा धरताच आला नव्हता. सहा खेपांत चोवीस कप झाले. पाचव्या खेपेला एका पाकळीचा तुकडा पडला, कप हलला नाही.

ते गृहस्थ मात्र नव्हते. त्यांच्या जागी एक आजी बसल्या होत्या. नर्सबाईंना विचारलं, पण नाव माहीत नसताना त्या तरी काय सांगणार? मी त्यांच्यासाठी बटण लावायची प्लास्टिकची फाइल घेऊन गेले होते, पाणी न शिरणारी. ती अजून माझ्या पिशवीत आहे. त्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, ही विनंती. नाव नसलं तरी परमेश्वराला पत्ता माहीत आहे.

ट्रे आता तिसरा चालू आहे. एक पावसाने गेला, एक वॉर्डमधल्या एका ताईंनी औषधाच्या बाटल्या ठेवायला मागून घेतला. येत्या रविवारी दोन ट्रे एकदम न्यायचे आहेत. ज्यांच्या घरी बिस्किटांची किंवा साबणाची कोरडी खोकी असतील त्यांनी ती मिस्सेआधी माझ्याकडे द्यावीत, बुटांची नकोत. मेणबत्त्यांची टोकंही चालतील.