माथेरानच्या छोट्या गाडीचे रूप

मुंबई–पुणे मार्गावरील नेरळ स्थानकात रुंद रुळांच्या शेजारी केवळ २ फूट रुंदीचे रूळ दिसतात. तेथून माथेरानची छोटी गाडी सुमारे २१ किलोमीटरची चढण चढू लागते. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने, पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने, सुमारे १६ लाख रुपये खर्चून १९०७ साली हा मार्ग पूर्ण केला.

या मार्गाचे रूप शोभेसाठी घडलेले नाही. डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेने वळत जाण्याचा निर्णय झाला. म्हणून रूळ अरुंद, डबे लहान आणि वळणे तीव्र आहेत. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच. अशा वळणांवर चालण्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने लवचिक आसांची वाफेची इंजिने बनवून दिली. पुढे त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली.

२००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि शताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये, पुन्हा सुरू झाला. पूर्वी डब्यांवरील कर्मचारी हाताने ब्रेक आवळीत असत. २०१६ मध्ये गाडी घसरण्याच्या घटना घडल्यानंतर हवेच्या दाबाचे ब्रेक आणि दरीच्या बाजूस संरक्षक कठडे आले. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा खंडित केला. नेरळपासूनचा प्रवास २०२२ मध्ये पूर्ववत झाला.

मग जपावयाचे ते नेमके काय? मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची सुरक्षितता जुन्या रूपापेक्षा निःसंशय मोठी आहे. नवे ब्रेक आवश्यकच होते आणि ते नवे म्हणून दिसले तरी बिघडत नाही. परंतु डिझेल इंजिनावर पत्र्याची चिमणी बसविणे, किंवा जुन्या स्थानकावर चकचकीत फरशी चढविणे, हे जतन नव्हे. तो केवळ वेष होय. जुने नाणे घासून लखलखीत केले की त्याचे मोल उतरते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही.

रुळांची रुंदी, वळणांची आखणी, जुम्मापट्टी व वॉटर पाइपसारखी लहान स्थानके आणि गाडीची संथ गती हे या मार्गाचे खरे रूप आहे. ते राखून आवश्यक तेवढीच दुरुस्ती करणे हाच त्याचा जीर्णोद्धार. घाटातून दीड-दोन तासांहून अधिक काळ सावकाश जाणारा प्रवासी कंटाळला नाही, तर त्या जतनात त्याचाही वाटा आहे.