काळजी

मराठीत काळजी करतात आणि घेतातही. आम्ही घरचे बरेच दिवस नुसती करत राहिलो. धाकट्या भावाच्या मानेत मज्जारज्जूला इजा झाली होती. रुग्णालयाने घरी पाठवताना औषधांची यादी दिली, शिकवले काहीच नाही. दर दोन तासांनी कूस पालटावी लागते, हे आम्हांस त्याच्या माकडहाडावरील शय्याव्रणाने सांगितले. पुढे एक परिचारिका घरी येऊ लागल्या. एकाएकी डोके ठणकून चेहऱ्यावर घाम आला तर त्याला आधी बसते करा, मग मूत्राशय तुंबले आहे का पाहा, असे त्यांनी बजावले. (अशा वेळी रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढू शकतो, हे तेव्हा कळले.) लघवीची नळी घालायला शिकताना आईने संकोचाने मान वळवली. भाऊ छताकडे पाहत म्हणाला, “आई, बघून कर.”