बाल्टिमोर ते गडचिरोली

परदेशातून परतलेल्या जोडप्याच्या बॅगा उघडल्या की चॉकलेटं, अत्तरं निघतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून परतले ते सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन.

मोठ्या शहरात बस्तान सहज बसलं असतं. त्यांनी निवडला गडचिरोली. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला जंगलजिल्हा. कामाची सुरुवात तेंदूपत्त्याच्या गोदामात! राणीताईंनी वसा आणि अमिर्झा गावांतल्या बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. आधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे आकडे १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. (मुंबई-पुण्यात तरी कुणी मोजलं होतं?)

बंग दाम्पत्याच्या ‘सर्च’ या संस्थेचा पत्ता आजही गडचिरोली जिल्ह्यातलाच आहे.