भिंतीतली खुडबुड

पावसाळा लागला की मी पेशंटना हमखास विचारतो, "घरात उंदीर आहेत का?" लोक हसतात. मातीच्या भिंतीत खुडबुड चालायचीच, असं त्यांना वाटतं. मला मात्र मण्यारीची धास्ती असते. उंदरांच्या बिळात ती आसरा घेते आणि रात्री भक्ष्य शोधत बाहेर पडते.

जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली, तर बहुधा फारसं दुखत नाही, सूज नसते, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते. घरचे अपचन समजून ओवा देतात. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. अशा वेळी मांत्रिकाकडे जाऊ नका, साप शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा. सर्पविषावरचं इंजेक्शन आणि वेळेवर दिलेला कृत्रिम श्वास यांनी जीव वाचतो.

संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी काठीने कागदाचा बोळा सरकवा. सकाळी तो हललेला दिसला, तर बीळ वापरात आहे. आत हात घालू नका. पिंजऱ्याने उंदीर धरा, मगच बीळ सिमेंटने बुजवा. तोवर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.