आकड्यांची वाट

ब्रह्मपुरीस धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरून वडिलांमागे चालता चालता मी औटकीपर्यंतचे पाढे पाठ केले. तेव्हापासून माझे आकडे त्या वाटेवरच उभे आहेत: दहा पहिल्या वळणावर, वीस मोहाखाली, तीस तळ्याच्या पाळीवर. हा केवळ माझाच खुळेपणा, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. पुढे वाचनात आले की, मनातल्या आकड्यांना अशा ठराविक जागा असलेली कितीतरी माणसे फ्रान्सिस गाल्टन याने १८८० सालीच इंग्लंडात शोधून काढली होती.

गेल्या वर्षी ती शेती विकली. मोहही तोडला गेला. परंतु वर्गात हजेरी घेताना विसाव्या नावापाशी मी अजून क्षणभर थबकतो. वीस जागचा हललेला नाही. आणि वडिलांचा आवाज आता मला तेथेच काय तो ऐकू येतो.