माझीच मी सवत

सरकारी दप्तरात मी माझीच सवत आहे, ही गोष्ट मला वयाच्या ५६व्या वर्षी कळली. तीही पेन्शनच्या अर्जामुळे.

हे राज्य सरकारच्या एका कचेरीत आणि मी पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका. दोघेही ५८व्या वर्षी निवृत्त होणारे. हे २०१९च्या मे अखेर, मी त्यानंतर वर्षभराने. "दोन दोन पेन्शनी! मजा आहे बुवा तुमची!" असे शेजारीपाजारी तोंडावर म्हणत. शाळेतल्या तरुण मुली, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, आमच्याकडे जुन्या संस्थानिकांकडे पाहावे तशा पाहत. त्यांचे गणित निराळे आहे, आणि त्या पाहण्यात मत्सर असला तर तो मी त्यांना माफ केला आहे.

पण पेन्शन काही आपल्या पायांनी चालत येत नाही. तिला आणायला सामोरे जावे लागते. सहा-आठ महिने आधीच ह्यांनी एक निळी फाईल आणली आणि घरात नवी भाषा सुरू झाली. ग्रॅच्युइटीला 'उपदान' म्हणायचे. पेन्शनचा काही हिस्सा विकून एकरकमी पैसे घ्यायचे, त्याला 'अंशराशीकरण'. विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी परत मिळतो, हे ह्यांनी मला इतक्या आनंदाने सांगितले की जणू गहाण टाकलेला माझा चपलाहारच सुटून येणार होता. मला त्या शब्दाचा उच्चार अजून एका दमात जमत नाही, आणि मी मराठी शिकवत होते!

अर्जाला नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो. आम्ही कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर पंचविशीचा पोरगा. "काका, जरा काकूंच्या जवळ सरका," म्हणाला. हे सरकले, पण सभेत शेजारच्याला जागा करून द्यावी तसे. लग्नानंतर आम्हा दोघांचाच असा फोटो निघाला तो हा, आणि तोही सरकारने मागितला म्हणून.

तो फोटो आणि माझ्या आधार कार्डाची प्रत घेऊन हे कचेरीतल्या आस्थापना शाखेत गेले. तिथल्या लिपिकाने सेवापुस्तक उघडले, आधार कार्ड पाहिले, पुन्हा सेवापुस्तक पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची एक बायको पुस्तकात आहे आणि दुसरी फोटोत. खरी कोणती?"

त्याचे काही चुकले नव्हते. माझे माहेरचे नाव शकुंतला. १९८५ साली मी शाळेत लागले ती ह्याच नावाने. पुढच्या वर्षी लग्न झाले. सासूबाईंचेही नाव शकुंतला! एका घरात दोन शकुंतला कशा चालणार? सुनेला हाक मारायची म्हणजे सासूने स्वतःलाच हाक मारायची, आणि मुलाने आईच्या नावाने बायकोला बोलवायचे. तेव्हा ताटात तांदूळ पसरले गेले, ह्यांनी अंगठीने त्यावर 'स्मिता' असे लिहिले, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी स्मिता झाले. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिजवलेही असतील. पण ह्यांनी कचेरीत कुटुंबाचा तपशील भरून दिला तो 'पत्नी : स्मिता' असा. घरात मी स्मिता, रेशनकार्डावर स्मिता; शाळेच्या हजेरीपटावर, सेवापुस्तकात, बँकेत आणि आधारवर शकुंतला. तेहतीस वर्षे ह्या दोघी एका साडीत सुखाने नांदल्या. भांडण लावले ते पेन्शनने.

आमच्या मुख्याध्यापकबाई हसून म्हणाल्या, "अहो, शकुंतलेला दुष्यंताने ओळखलं नाही, ही जुनीच गोष्ट आहे." खरे आहे. पण त्या शकुंतलेची अंगठी हरवली म्हणून घोटाळा झाला. माझा घोटाळा अंगठीनेच केला होता.

हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट होती, पण एका रात्री जेवण झाल्यावर हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. "हे बघ," म्हणाले, "शेवटचा मूळ पगार ६०,००० धर. मला पेन्शन निम्मी, म्हणजे ३०,०००. माझ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के, म्हणजे १८,०००. पहिली काही वर्षं जास्त दरानं. महागाईभत्ता वेगळा. मी पेन्शनचा हिस्सा विकला तरी तुझ्या १८,०००ला धक्का नाही. आणि तुझी स्वतःची पेन्शन आहे ती आहेच, दोन्ही मिळतात." 'माझ्यामागे' हा शब्द त्यांनी 'मंडईतून येताना' म्हणावे इतक्या सहज उच्चारला. मी ताटे उचलायला उठले. तेवढ्यात ह्यांनी जुना नियम वाचून दाखवला : हे वेतन विधवेला मृत्यू किंवा पुनर्विवाह यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत मिळत असे. "तेव्हा जपून," हे म्हणाले. मी म्हटले, "माझ्यामागं तुम्हालाही हाच नियम होता. जपायला तुम्हीही हरकत नाही."

ते आकडे मात्र मला रात्री झोपू देईनात. पैशांसाठी नव्हे, मला सासूबाई आठवत होत्या. मामंजी पोस्टात होते. ते १९९१ साली गेले आणि सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. रक्कम लहानच, पण पहिल्या महिन्याचे पैसे घेऊन बँकेतून परत आल्या तेव्हा त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. नातवाच्या वाढदिवसाला त्या स्वतःच्या पर्समधून नोट काढत. भाजीवाल्याशी घासाघीस करीत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला इस्त्रीचे पातळ नेसून जात आणि परत येऊन म्हणत, "आहे म्हणून सांगून आले." २००८ साली जाईपर्यंत त्यांनी माझ्यापुढे कधी हात पसरला नाही. ह्या एका कारणाने आम्हा सासूसुनांचे किती तंटे टळले असतील, ह्याचा हिशेब कोणत्याही आयोगाने केलेला नाही. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले. नाव नकारा, पण निकाल होकाराचा! सासूबाईंना हा खटला ठाऊक नव्हता. त्यांना तो निकाल पायांनी कळला होता.

आणि इथे ते १८,००० रुपये मिळणार होते स्मिताला. पण स्मिता म्हणून बँकेत उभी राहायला माझ्याकडे रेशनकार्डाखेरीज एक चिठोराही नव्हता. हे असताना ही गंमत होती, हे नसताना, डोळे सुजलेले, हातात मृत्यूचा दाखला, आणि समोरचा माणूस विचारतो आहे, "बाई, तुम्ही कोण?"

लिपिकाने सोपा मार्ग सुचवला. "बाईंचं नाव राजपत्रात जाहीर करून स्मिता करून घ्या, म्हणजे एकच नाव राहील." ह्यांनाही ते पटले. मला पटले नाही. मी म्हटले, "तेहतीस वर्षं खडू झिजवले ते शकुंतलेनं. बी.एड. केलं ते शकुंतलेनं. स्मितानं काय केलं? स्वयंपाक." हे जरा दुखावून म्हणाले, "अगं, पण मी तुला कधी दुसरं काही म्हटलंय का?" त्यांचे म्हणणेही खरे होते. दोन दिवस घरात बोलणे फक्त मीठ आणि वर्तमानपत्र यांपुरते झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवताना हे म्हणाले, "सेवापुस्तकातलं नाव दुरुस्त करून घेतो. पुस्तक माझंच आहे."

मग पुराव्यांचा शोध सुरू झाला. आमच्या लग्नाची नोंदणी झालीच नव्हती. लग्न झाल्याचे सगळ्या आळीला ठाऊक असताना नोंदणी कशाला, असा तो काळ. आता ती करायची तर लग्नपत्रिका हवी, तीन साक्षीदार हवेत. माळ्यावरच्या ट्रंकेत, सासूबाईंच्या पैठणीच्या घडीत पत्रिका सापडली. हळदीची बोटे अजून कोपऱ्यावर होती, आणि ठळक अक्षरांत 'चि. सौ. कां. शकुंतला'. छापखान्याच्या त्या खिळ्यांनी मला वाचवले. पत्रिकेबरोबर सासूबाईंच्या माहेरचे एक जुने पोस्टकार्डही निघाले, 'चि. द्वारकेस आशीर्वाद' असे लिहिलेले. ही द्वारका कोण, म्हणून मी विचारले. हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई." म्हणजे ह्या घरातली पहिली शकुंतलाही तांदळातलीच होती!

नोंदणीच्या कचेरीत आमच्या पुढे एक नुकतेच लग्न झालेले जोडपे होते, मेंदी अजून ओली वाटावी असे. त्या मुलीने मला विचारले, "काकू, मुलाच्या लग्नाची नोंदणी का?" मी म्हटले, "नाही गं, आमच्याच." तिने ह्यांच्याकडे असे पाहिले की हे लाजले. पुढे दोन्ही नावांची बाई एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्यावर नोटरीचा शिक्का, दुरुस्त तपशील, आणि मग सगळा गठ्ठा मुंबईला महालेखापालांकडे. दुसऱ्या वर्षी माझे स्वतःचे कागद गेले ते सरळ. त्यात पतीचे नाव लिहायचे होते. पुरुषाला जन्मभर एकच नाव पुरते.

ह्यांचा पेन्शनचा आदेश आला तेव्हा मी पोळ्या करीत होते. ह्यांनी चष्मा लावून तो उभ्यानेच वाचला. आकडे वाचले, तारखा वाचल्या, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रकान्यापाशी थांबले, आणि मग बाहेरून मोठ्याने हाक मारली, "शकुंतलाबाई!"

मी सवयीने सासूबाईंच्या फोटोकडे पाहिले.